तिसऱ्या घंटेनंतर दिग्दर्शक काय करतो?

गेल्या महिन्यात आमच्या मालकांनी आम्हा सात-आठ जणांना एका हॉटेलात दिवसभराच्या ट्रेनिंगला पाठवलं. विषय, 'कठीण काळातलं नेतृत्व'. सोलापुरातल्या टॉवेलच्या कारखान्यात आयुष्य गेलेली माणसं आम्ही, एसीत कुडकुडत बसलो होतो. पुण्याहून आलेले ट्रेनर बोलत होते छान. जेवणानंतर पेंग यायच्या वेळेला त्यांनी विठाबाईंची गोष्ट काढली.

गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. तमाशातल्या विठाबाई नारायणगावकर, १९३५ चा जन्म, तोही आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात. दिवस भरलेले असताना बोर्डावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या तशा आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा येऊन उभ्या राहिल्या. "याला म्हणतात रेझिलियन्स!" ट्रेनर म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट. शेजारचा जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारा, मला कोपरानं ढोसत म्हणाला, "सगळे टाळ्या वाजवलाल्यात, तू का गप बसलास बे?"

मी गप बसलो कारण मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आलोय आणि ती इथं संपत नाही. बाईंचं पोट दिसेना म्हटल्यावर लोकांच्या लक्षात आलं आणि त्यांनीच हात जोडून खेळ थांबवायला लावला, असा तिचा शेवट आहे. ट्रेनरसाहेबांनी नेमका तोच गाळला. विठाबाईंपुढे मी वाकतोच, प्रश्न त्यांचा नाहीच. पण अख्ख्या तमाशाच्या फडाची चूल एका बाईच्या अंगावर पेटते आणि नवव्या महिन्यातही तिच्या जागी उभं राहायला कुणी नसतं, याला आपण चिवटपणा म्हणायचं? राष्ट्रपतींच्या हातून सन्मान घेतलेल्या या बाईंचे शेवटचे दिवस हलाखीत गेले, तेव्हा टाळ्या वाजवणारे कुठं होते? आणि हीच गोष्ट एखादा मॅनेजर कामगारांना सांगतो तेव्हा तिचा अर्थ एवढाच उरतो की काहीही होवो, माग बंद पडता कामा नये.

कलेकडून शिकायचं असेल तर मला दुसरं काही दिसतं. मी वीसेक वर्षं हौशी नाटकं केली. नट म्हणून सुमार होतो, त्यामुळे बहुतेक वेळ पडद्यामागेच. हुतात्मा स्मृती मंदिरात राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी असायची, कामगार कल्याण मंडळाची स्पर्धा असायची. अशाच एका प्रयोगात दुसऱ्या अंकात आमचा मुख्य नट कोरा झाला. पाटी पुसल्यासारखा. मी विंगेतून वाक्य पुरवतोय, त्याला ऐकूच येत नाही. पाच सेकंद, दहा सेकंद. बसलेल्या माणसाला ते कळत नाही, उभ्या माणसाला जन्मभर लक्षात राहतं.

तेवढ्यात नोकराचं काम करणारा पोरगा आत शिरला. त्या प्रवेशात त्याला एंट्रीच नव्हती. अख्ख्या नाटकात वाक्यं तीन. हातात रिकामा ट्रे. म्हणाला, "साहेब, वकिलांचा फोन होता, मृत्युपत्राचं विचारत होते." झालं! मृत्युपत्र म्हटल्याबरोबर नटाची गाडी रुळावर आली.

त्या पोराला ते सुचलं कसं? हुशार होता म्हणून, हे खरंच. पण आमचा दिग्दर्शक दोन महिने दर रविवारी सगळ्यांना एकमेकांची कामं करायला लावायचा. नायिकेनं बापाचं, बापानं नोकराचं, नोकरानं नायकाचं. आम्ही वैतागायचो. घरी बायका-पोरं वाट बघतायत आणि इथं हा काय पोरखेळ. त्या रविवारांमुळे त्या पोराला अख्खं नाटक पाठ होतं, नुसती त्याची तीन वाक्यं नव्हे.

आणि हा सगळा घोळ चालला होता तेव्हा दिग्दर्शक कुठं होता? शेवटच्या रांगेत, घामानं भिजून. तिसरी घंटा झाली की त्याच्या हातात काही उरत नाही. ओरडता येत नाही, धावत वर जाता येत नाही. तुमचं मॅनेजमेंट सांगतं की वादळात कप्तानानं सुकाणू धरायचं. नाटकात वादळ येतं तेव्हा कप्तान प्रेक्षकांत बसलेला असतो. त्यानं जे करायचं ते तालमीत केलेलं असतं, नाहीतर केलेलंच नसतं.

आपल्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत तरी वेगळं काय होतं? जानेवारीत नंदीध्वजांची मिरवणूक आपण सगळेच बघतो. बाराबंदी घातलेला माणूस दोन मजली घराहून उंच काठी कमरेच्या पट्ट्यावर पेलतो आणि 'हर्र बोला हर्र' च्या गजरात चालतो. आपली नजर त्याच्यावर. मी मुद्दाम आजूबाजूला बघतो. काठी कलली की सावरायला, खांदा बदलायला कितीजण टपून असतात! संक्रांतीच्या आधी कितीतरी दिवस रात्री गल्लीबोळांत सराव चालतो. एकाच पैलवानाच्या भरवशावर काठी निघत नाही.

आता माझंच सांगतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी दुसऱ्या एका कारखान्यात होतो. तिथल्या मालकांच्या डोक्यात सगळं. सुताचा दर, पार्टीचं येणं, बँकेचा हप्ता. कागदावर काही नाही, मुलालाही माहीत नाही. माग सुरू करायची परवानगी आली आणि नेमके तेच आजारी पडले. तीन आठवडे आम्ही कुलपाकडे बघत बसलो. त्यांना नावं ठेवायला सोपं आहे, पण जकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राच्या, कोणत्या डिझाइनची कार्डं कुठं आहेत हे फक्त मला ठाऊक होतं आणि त्याचा मला अभिमान होता. माझ्याशिवाय पान हलत नाही, हे ऐकायला किती गोड वाटतं! वीस वर्षं तालमी करून मी कारखान्यात तालीम एकदाही घेतली नव्हती.

त्याच गल्लीत आठ मागांचा एक छोटा कारखानदार होता. माग बंद, तरी दर शनिवारी कामगारांना बोलवायचा. कधी पाचशे, कधी तीनशे, पण वार चुकवला नाही. विलंबित ख्यालात गवई कुठंही भटकून येवो, तबलजी ठेका सोडत नाही, तसं. त्याचे लोक टिकले. ज्यांनी नुसतं "बघू, बघू" केलं त्यांच्यातल्या कुणी भाजीची गाडी लावली, कुणी रिक्षा घेतली. ते परत मागावर आले नाहीत.

तालमीनं सगळं सुटतं असं मी म्हणत नाही हां. पानिपतची चादर 'सोलापुरी' म्हणून विकली जाते, विजेचं बिल बघून घाम फुटतो, यावर कुठल्या नाटकात उत्तर नाही. त्याला सरकार लागतं, संघटना लागते.

तरी ट्रेनिंगवरून आल्यावर मी एक केलं. चार आठवडे दर शनिवारी दुपारी दोन तास पोरांची कामं बदलली. कांड्यांवर सूत भरणाऱ्याला ऑर्डरबुक दिलं, हिशेबनिसाला मागाजवळ उभं केलं. "काय करलालाव साहेब, नाटक का?" असं विचारून झालं. मग गेल्या सोमवारपासून तीन दिवस रजा टाकली आणि फोन बंद केला. घरी बायकोला वाटलं, तब्येत बिघडली.

आज गेलो. दोन माग बंद होते. एका ऑर्डरला आकाशीच्या जागी मोरपंखी सूत लागलं होतं, सत्तर टॉवेल. बाकी माल वेळेवर गेला होता. पार्टीला फोन करून रंगाचं कुणी सांगितलं म्हणून विचारलं, तर कांड्या भरणाऱ्या पोरानं.

ते सत्तर टॉवेल मी घरी आणलेत. रंग चांगला आहे, कुणाला हवे असतील तर सांगा.