एक शाल, एक नारळ आणि आठशे फूट दरी

सप्टेंबर सरत आला, धबधबे आटले आणि तुमच्या मंडळाला, पतसंस्थेला नाहीतर पक्षाच्या तालुका शाखेला अचानक आठवलं की पावसाळाभर दऱ्यांतून बिनपगारी माणसं वर काढणाऱ्या पोरांसाठी आपण काहीतरी केलं पाहिजे. समिती नेमली गेली, अध्यक्षपद तुमच्या गळ्यात पडलं. अभिनंदन. आता ‘काहीतरी’ हा शब्द जिवापाड जपा. त्यात विमा बसत नाही, दोर बसत नाही, बुडालेला रोज बसत नाही. शाल मात्र अगदी मापात बसते.

पहिलं पथ्य म्हणजे त्यांना काय हवंय हे विचारायचं नाही. विचारलंत की मेलात. ही मंडळी खिशातून यादीच काढतात. शंभर मीटरचा दोर दोन नग, घडीचं स्ट्रेचर, हार्नेस, हेडटॉर्च, वॉकीटॉकी, शिवाय गाडीचं डिझेल. त्यातला दोर सगळ्यात तापदायक, कारण त्याला निवृत्तीचं वय असतं. कड्याच्या धारेवर घासून वरचं कवच फुललं की तो बाद. अडकलेला माणूस वर आला, सगळे खूश झाले, तरी दोर बाद तो बादच. म्हणजे यंदा दिला तरी पुढं पुन्हा देणं आलं. शालीचं तसं नाही. ती कुणी वापरतच नाही, त्यामुळे झिजत नाही. प्लास्टिकच्या पिशवीसकट या सत्कारातून त्या सत्कारात फिरते आणि एखाद दिवशी तुमच्याच खांद्यावर येऊन विसावते.

हिशोबी वाचकांसाठी सांगून ठेवतो. शाल दोन मीटरची आणि दरी आठशे फुटांची धरली, तर गाठींत जाणारं कापड सोडून सव्वाशेच्या आसपास शाली लागतील. एका पथकाचे इतके सत्कार झाले की दोराचा प्रश्न आपोआप सुटेल. धीर धरा.

आता भाषण. त्यात ‘देवदूत’ हा शब्द किमान चार वेळा यायला हवा. हा शब्द ज्यानं पहिल्यांदा वापरला तो पक्का खजिनदार असणार. देवदूताला पंख असतात, म्हणून डिझेल लागत नाही. त्याला भूक नसते, दुकानाचा गाळा नसतो, बाइकचा हप्ता नसतो, आणि तो पडून पाय मोडून घेत नाही. ‘रिक्षा चालवणारा आपला अमुक’ म्हटलं की लगेच त्या दिवशीच्या धंद्याचं काय, असा प्रश्न उभा राहतो. देवदूत म्हटलं की सगळा खर्च स्वर्गाच्या खात्यावर.

भाषणात इर्शाळवाडी घ्यायला हरकत नाही, बेतानं घ्या. १९ जुलै २०२३ ची रात्र, खालापूर तालुका, वाडीवर कोसळलेली दरड, वर कोसळता पाऊस, वाडीपर्यंत गाडीरस्ता नाही. यंत्रं वर नेता येईनात, म्हणून कुदळ-फावड्यांनी माती उपसली गेली. खोपोली-लोणावळ्याची पोरं अंधारातच चढली. शोध थांबला तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ माणसं मातीतच राहिली. इथवर ठीक आहे, डोळे पाणावतात, टाळ्या मिळतात. मात्र त्याच चढावर नवी मुंबई अग्निशमन दलातला एक अधिकारी हृदयविकाराच्या झटक्यानं गेला, हे सांगू नका. मागच्या रांगेतला एखादा आगाऊ माणूस उठून विचारेल, की नोकरीतल्या, गणवेशातल्या माणसाचं असं होतं, तर दिवसभर धंदा करून उपाशीपोटी चढणाऱ्याची छाती शेवटची कुणी आणि कधी तपासली? अशा वेळी चहा आणायला सांगावा.

आंबेनळी घाटही घ्या. २८ जुलै २०१८, दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या मंडळींची सहलीची बस दरीत, तीस जण गेले, एक जण वाचला. महाबळेश्वर ट्रेकर्स आणि इतर पथकांनी दरीत उतरून मृतदेह दोरांनी वर घेतले. त्यानंतर त्या पोरांना किती रात्री झोप लागली नसेल, हा विषय काढू नये. झोप ही ज्याची त्याची खासगी बाब आहे.

सरकार काहीच करत नाही असंही बोलू नका, खोटं पडाल. ‘आपदा मित्र’ योजना आहे. २०१६ साली तीस जिल्ह्यांपासून सुरुवात झाली, पुढं ३५० जिल्हे आणि एक लाख स्वयंसेवकांचं लक्ष्य ठरलं. बारा दिवसांचं प्रशिक्षण, लाइफ जॅकेट, टॉर्च, शिट्टी, रेनकोट, गमबूट असा संच, वर तीन वर्षांचा विमा. खरंच चांगली योजना. चौथ्या वर्षी दऱ्या उथळ होतात आणि पुराचं पाणी घोट्याएवढं येतं, एवढं गृहीत धरलं की तिच्यात उणं काढायला जागा उरत नाही.

रस्त्यावरच्या अपघातग्रस्ताला वेळेत दवाखान्यात नेणाऱ्याला बक्षीसही आहे. २०२१ मध्ये पाच हजार होतं, २०२५ मध्ये ‘राहवीर’ नावानं पंचवीस हजार झालं. अट ‘गोल्डन अवर’ची, म्हणजे पहिल्या तासाभराची. घाटात बस कोसळली तर वर अँकर म्हणजे दोराचा पक्का आधार लावून, दोर सोडून पहिला माणूस खाली पोचेपर्यंतच तो तास उलटून जातो. पोरांनी थोडं आधीच दरीत उतरून बसावं, असा ठराव तुमच्या समितीला करता येईल.

तुम्ही स्वतः दुकानदार किंवा कारखानदार असाल आणि असा एखादा देवदूत तुमच्याकडेच कामाला असेल, तर जबाबदारी मोठी. अकरा वाजता त्याचा फोन वाजतो आणि तो तुमच्याकडे बघतो. लगेच सोडा. पाठ थोपटा, ‘जा बाळा’ म्हणा, गाडीवर बसतानाचा फोटो दुकानाच्या ग्रुपवर टाका आणि हजेरीत खाडा मांडा. दोन्ही गोष्टी एकाच हातानं सहज होतात. जर्मनीत म्हणे गावोगावचं अग्निशमन बहुतांशी स्वयंसेवकांवर चालतं. तिथं कॉल आला की मालकाला सोडावंच लागतं, पगार कापता येत नाही आणि त्या वेळेचा पगार पालिका मालकाला भरून देते. असल्या सवयी माणसाला बिघडवतात. आपल्याकडची निष्ठा खाड्यावर पोसलेली आहे. उगाच तिला बाळसं आणू नका.

आणि उद्या तुम्हीच कुठं अडकलात तर? ३० जून २०२४ ला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यानंतरही पुढच्या रविवारी आपण जायचंच असतं, त्याला इलाज नाही. अडकल्यावर मदतीच्या फोनवर ठिकाण विचारलं तर ‘हिरवळ आहे, समोर डोंगर आहे’ असं नेमकं सांगा. सात तासांनी वर आलात की आधी मोबाइल भिजला का ते बघा. ज्यानं पाठीवर घेतलं त्याचं नाव विचारायची गरज नाही, देवदूतांना आडनावं नसतात.

राहता राहिला प्रत्यक्ष कार्यक्रम. फ्लेक्सवर पथकाचं नाव खाली, बारीक अक्षरात. शिवदुर्ग मित्र आणि यशवंती हायकर्स यांची अदलाबदल झाली तरी बिघडत नाही, आमदारांच्या नावातली वेलांटी तेवढी तपासून घ्या. पोरांना पाचला बोलवा, पाहुणे साडेसातला येतील. दरीच्या काठावर ताटकळायची त्यांना सवय असते.

एकच धोका आहे, तो म्हणजे फोन. ऐन दीपप्रज्वलनाच्या वेळी कुणाच्या तरी खिशात तो थरथरेल, पोरं एकमेकांकडे बघतील आणि पहिल्या दोन रांगा रिकाम्या होतील. घाबरू नका, पाहुण्यांना बोलत राहू द्या. माणसाविना सत्कार होतो, फक्त पाहुण्यांविना होत नाही. जाता जाता त्यांच्यातला एखादा स्टेजमागच्या टेबलावरच्या पाच-सहा शाली उचलून काखेत मारेल. चोर म्हणून ओरडू नका. कड्याच्या धारेवर दोर कापू नये म्हणून त्याच्याखाली काहीतरी अंथरावं लागतं, आणि त्यांच्याकडची पोती गेल्या खेपेलाच फाटली आहेत.

पुढच्या वर्षी शाली जरा जाड घ्या.