कॉफी लहान आहे

चार युरो मोजल्यावर हातात आलेला कप बघून मी काउंटरवर तक्रार केली. तीही फिनलंडच्या फिनिश भाषेत: "काह्वी ओन पिक्कू." कॉफी लहान आहे. काउंटरवरची पोरगी तोंड उघडायच्या आत मागून एका आजींचा आवाज आला, "पिएनी."

हेलसिंकीत अनोळखी माणूस आपणहून बोलला, तर समजावं की इमारतीला आग लागलीय किंवा तुमचं व्याकरण चुकलंय.

आजींनी रांग थांबवून वर्गच घेतला. पिएनी म्हणजे लहान. पिक्कू म्हणजेही लहानच, पण तो नामाला चिकटून पुढे बसतो, वाक्याच्या शेवटी एकटा उभा राहत नाही. 'तालो ओन पिएनी', घर लहान आहे, हे बरोबर. तिथे पिक्कू चालत नाही. पिएनीला विभक्ती लागते: लहान घरात म्हणजे 'पिएनेस्सा तालोस्सा'. पिक्कू ढिम्म: 'पिक्कू तालोस्सा'. (आपल्याकडे 'छोटा'ची छोटी होते आणि 'लहान' जागचा हलत नाही, तसंच. पण आपला लहान बिचारा कुठेही उभा राहतो.)

"पण पिक्कू जास्त गोड वाटतो ना?"

"माया असेल तर. तुझी या कॉफीवर माया आहे?"

नव्हती.

मायाच करायची तर 'कुप्पी'चं, म्हणजे कपाचं, 'कुप्पोनेन' करावं. 'कुप्पोनेन काह्विआ' म्हणजे आपली घोटभर कॉफी: माप तेच, आग्रह जास्त. पण म्हणून दिसेल त्याला 'नेन' लावू नये. पोइका म्हणजे मुलगा, पण पोइकानेन म्हणजे जनावराचं पिल्लू. आणि हेवोनेन तर अख्खा घोडा! बाळाला लाडाने पिक्कुइनेन म्हणावं. याला मात्र विभक्ती लागते, आणि त्याचं पिक्कुइसेन झालं की अर्थ 'जरासं'.

पिक्कूच्या काही जोडशब्दांत तर लहानपणाचा पत्ताच नाही. पिक्कूलेइपा, शब्दशः लहान पाव, म्हणजे बिस्कीट. आईवडिलांच्या चुलत-मावस भावंडांची मुलं म्हणजे पिक्कूसेर्क्कू, मग तो साठीचा आणि सहा फुटी का असेना. पिक्कूयोउलू, 'लहान नाताळ', ही नाताळाआधीची ऑफिसातली पार्टी. तिच्यात लहान काहीच नसतं, दुसऱ्या दिवशीची डोकेदुखी तर नाहीच.

एवढा वेळ रांग गप्प. माझ्या बाजूने एकही माणूस बोलला नाही. अहो, शब्द चुकला असेल, पण कप खरंच लहान होता! शेवटी मी काउंटरकडे वळून स्पष्ट म्हणालो, "काह्वी ओन पिएनी."

"आता बरोबर," आजी म्हणाल्या.

पोरगीनेही समाधानाने मान हलवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाची ऑर्डर घेतली.