फी माफ झाली, पण फॉर्म कोण भरून देणार?
फी माफ झाली की खेड्यातल्या मुली आपोआप कॉलेजात जातील, असं मुलींच्या फीमाफीवरच्या एका लेखात वाचलं. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या कापूसपट्ट्यातली, घरातली पहिली पदवीधर. २०२४-२५ पासून वर्षाला ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली, हे खरंच मोठं काम आहे. पण उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर (मागास प्रवर्गातलं घर सधन नाही याचा दाखला) ही सगळी धावपळ येते जून-जुलैत, ऐन पेरणीत. बापानं पेरणी सोडून तालुक्याला किती खेपा घालायच्या?

मागच्या वर्षी शेजारची बारावी झालेली पोरगी दाखल्यांची पिशवी घेऊन आली. "ताई, ऑप्शन फॉर्म काय असते, मले कोणी सांगतच नाई." तीन रात्री आम्ही मोबाइलवर कॉलेजांच्या पसंतीचा तो फॉर्म भरत बसलो. ओटीपीसाठी दर वेळी गच्चीवर जावं लागायचं, तिची आई खाली टॉर्च धरून उभी. आज ती नर्सिंगला आहे.

हुशारी तिच्यात होतीच, वाट दाखवणारं माणूस नव्हतं. शिकून बाहेर पडलेल्या मुलामुलींनी जूनमध्ये आठ दिवस तरी गावी यावं. मी यंदा ग्रामपंचायतीच्या वाचनालयात रोज संध्याकाळी बसणार आहे.