राजधानी कसली, गोवर्धनचा आहार!

सिंहस्थ जवळ आला की नाशिककरांच्या ग्रुपवर एक मेसेज हटकून फिरतो. मजकूर थोडक्यात असा: नाशिक ही सातवाहनांची राजधानी होती, राजा इथल्याच दरबारातून हुकूम काढायचा; नाशिक जिल्हा तेव्हापासून जसाच्या तसा आहे; आणि मूळ गाव फक्त पंचवटी, गोदावरीपलीकडचं जुनं नाशिक मुघलांनी गुलशनाबाद म्हणून वसवलं. शेवटी 'अभिमान असेल तर पुढे पाठवा'. अभिमान आहे, म्हणूनच पाठवत नाही.

आधी राजधानीचं बघू. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे पैठण. आपला परिसर त्यांच्या राज्यातला एक आहार, म्हणजे कारभाराचा एक विभाग होता आणि त्याचं ठाणं होतं गोवर्धन. गंगापूरजवळचं आजचं गोवर्धन गाव ते हेच, असं अभ्यासक मानतात. नाशिकजवळच्या पांडवलेण्यात, म्हणजे डोंगरात कोरलेल्या बौद्ध लेण्यांत, तीन नंबरच्या लेण्याच्या व्हरांड्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आज्ञा कोरलेली आहे. ती दरबारातून नाही, विजयी सैन्याच्या छावणीतून सुटली आहे, आणि गोवर्धनचा अमात्य, म्हणजे राजाचा अधिकारी, विष्णुपालित याच्या नावे आहे. राज्यवर्ष 18, म्हणजे राजाच्या कारकिर्दीचं अठरावं वर्ष. पश्चिम काखडी गावातलं, पूर्वी क्षत्रप (शक राजा) नहपानाचा जावई उषवदात याच्याकडे असलेलं 200 निवर्तनं (जमीन मोजायचं जुनं माप) शेत भिक्षूंना द्यावं, असा हुकूम. खरी गंमत पुढे आहे. राज्यवर्ष 24 मध्ये दुसरा हुकूम निघतो. अमात्य आता श्यामक, आणि आज्ञेत राजाबरोबर राजमाताही आहे. काखडीत वस्ती उरलेली नाही, शेत कुणी कसत नाही, तेव्हा नगराच्या शिवेवरच्या सरकारी जमिनीतून 100 निवर्तनं द्या! दान मिळालेली जमीन पडीक निघाली आणि प्रकरण पुन्हा वर गेलं. सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडे खेटे घातलेल्यांना हे नवं वाटायचं नाही.

राजधानी नव्हती म्हणून गोवर्धन किरकोळ होतं असंही नाही. त्याच उषवदाताने इथल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, 2000 कार्षापण (तेव्हाची नाणी) महिना एक टक्क्याने आणि दुसरीकडे 1000 कार्षापण पाऊण टक्क्याने ठेवले. व्याजातून भिक्षूंचा खर्च भागायचा. हा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवला, फळ्यावर नोंदवला. दहा नंबरच्या लेण्यात तसं स्वच्छ लिहिलंय. मेसेज बनवणाऱ्याला हे का सुचलं नाही कोण जाणे.

जिल्ह्याचं उत्तर एका ओळीचं आहे. आजचा नाशिक जिल्हा इंग्रजांनी 1869 साली केला, खानदेश आणि अहमदनगरचे भाग काढून.

राहिलं मुघलांनी वसवलेलं गाव. गुलशनाबाद हे नाव मुघल अमलातलं खरं, पण गाव त्याच्या कितीतरी आधीचं. गोदावरीच्या उजव्या काठावरच्या जुन्या गढीत 1950-51 साली पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी उत्खनन केलं, तेव्हा खालच्या थरांत ताम्रपाषाणयुगातली वस्ती सापडली. आणि पांडवलेण्यातल्या अठरा नंबरच्या चैत्यगृहाच्या (प्रार्थनेच्या लेण्याच्या) दारावरचा, दोन हजार वर्षांमागचा लेख नासिककरांचा नावानिशी उल्लेख करतो. राजधानी म्हणून नव्हे, धंभिक गावाच्या दानाच्या निमित्ताने.

उलट पंचवटीतलं सध्याचं काळाराम मंदिर, ज्याचा फोटो या मेसेजला प्राचीनतेचा पुरावा म्हणून जोडलेला असतो, ते सरदार ओढेकरांनी 18व्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलं.