आत्याचा चार आणे हिस्सा

आमचे आजोबा 1989 मध्ये वारले, पण इंदूरच्या रामबागेतलं आमचं घर अजून त्यांच्याच नावावर आहे. मालमत्ता कराचं बिलही त्यांनाच येतं. गेल्या वर्षी थकबाकीची नोटीस आली. ज्यांनी दूधवाल्याचे पैसेसुद्धा कधी एक तारखेपुढे जाऊ दिले नाहीत, ते मरणोत्तर थकबाकीदार झाले. बाबांना ते फार लागलं. "नाव बदलून टाक एकदाचं," म्हणाले. जणू दारावरची पाटीच बदलायची होती.

वकिलांकडे गेलो. इंदुरात वकील मराठी असला तरी कायदा हिंदीतच बोलतो.

"वसीयत?"

"नाही."

"मकान पुश्तैनी?"

"नाही, आजोबांनी मिलच्या पगारातून घेतलेलं."

"वारिस?"

"दोन," मी छाती काढून म्हणालो. "बाबा आणि काका."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आणि बहिणी?"

बहिणी आहेत ना, दोन. पण आमच्या घरात समज असा, की मुलींना हक्क मिळाला 2005 साली आणि आजोबा आधीच गेले, तेव्हा आपण सुटलो. वकिलांनी तो समज दोन मिनिटांत निकालात काढला. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनं मुलींना जन्मजात वाटा दिला तो एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत. बापाच्या स्वकष्टार्जित घरात, मृत्युपत्र नसेल तर, मुलीचा वाटा मुलाइतकाच, आणि तो 1956 पासून. आजीचा वाटाही पुढे चौघांतच मुरला. म्हणजे प्रत्येकी चार आणे. काका इतकी वर्षं दिवाळीला "आपलं घर" म्हणून जे रंगवत होते, त्यातलं आठ आणे घर बहिणींचं होतं.

काकांनी मग हुकमाचं पान काढलं. ट्रंकेतला 1991 चा स्टॅम्प पेपर, "आम्हाला काही नको" आणि खाली दोघी आत्यांच्या सह्या. एका सहीशेजारी हळदीचं बोट उमटलेलं. सही कुठून बोलावून घेतली होती ते कळतच होतं. वकिलांनी कागद उलटसुलट करून परत दिला. नोंदणी कुठाय? 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे 100 रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावरातला हक्क सोडायचा, तर दस्त नोंदवावाच लागतो. तेव्हा 100 रुपयांत काय काय येत असेल कोण जाणे. आज छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत पोहे-जलेबी खाऊन वर शिकंजी प्यायली की संपले.

धाकटी आत्या पुण्याला. "ताई करेल तसं," म्हणाली. ताई उज्जैनला. अर्धा किलो लवंगी शेव आणि नव्या हकत्यागाचा मसुदा घेऊन निघालो. पिशवीत शेव वर, मसुदा खाली. एक गोष्ट मात्र आम्ही सगळेच सोयीस्करपणे विसरलो होतो. आत्याची तीस वर्षं दिवाणी कोर्टात कारकुनी करण्यात गेली होती.

तिनं शेव डब्यात भरली. मसुदा वाचला. पेन्सिलीनं दोन मात्रा सुधारल्या.

"माझा हिस्सा 1989 लाच झाला," ती म्हणाली. "पण राहत्या घराची वाटणी भाऊ करत नाहीत तोवर बहिणीनं मागायची नाही, असं होतं वारसा कायद्याचं कलम 23. राहायचा हक्क होता, पण बिनलग्नाचीला, टाकलेलीला, वेगळी झालेलीला किंवा विधवेला. आमचे हे ठणठणीत. आणि मला टाकायची त्यांची छाती नाही."

आतोबांनी पेपरामागून खोकून दुजोरा दिला.

"2005 च्या 9 सप्टेंबरपासून ते कलमच गेलं. ऑफिसात पेढे वाटले मी. बरं, खालच्या खोलीचं भाडं कोण घेतं?"

भाडं! आजोबांनी ठेवलेले भाडेकरू महिना 120 रुपये देतात. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात महिन्याच्या भाडेकरूला 15 दिवसांची नोटीस पुरते, हे कळल्यावर काका एकदा दोन दिवस शीळ घालत हिंडत होते. मग कुणीतरी त्यांना मध्य प्रदेशाचा 1961 चा भाडे कायदा दाखवला. त्यात कारण लागतं. भाडं थकलेलं हवं, पोटभाडेकरू ठेवलेला हवा, नाहीतर मालकाला खरीच गरज हवी. आमचे भाडेकरू तर एक तारखेला सकाळी सातलाच पैसे हातात धरून दारात उभे. आजोबांचं वळण घरात कुणी उचललं असेल तर त्यांनीच.

"एकशेवीसचे चार आणे किती?"

"तीस."

"ते पाठवत जा. आणि आधी चौघांचं नाव चढव. जे नावावरच नाही ते मी सोडू कसं?"

तेव्हापासून दर महिन्याला मी तिला फोनवरून 30 रुपये पाठवतो. ती शाईनं लिहिलेल्या पावतीचा फोटो धाडते. खाली टीप असते, "रक्कम 5000 च्या आत, रसीदी तिकीट लागत नाही."

परवा पुण्याहून धाकट्या आत्याचा फोन आला. "ताई काहीतरी सांगत होती. तू हिशेब 1989 पासूनचाच धरलायस ना?"