खांदेरीचा दिवा आणि रेवसची बोट

अलिबागजवळच्या खांदेरी बेटाचे फोटो टाकल्यापासून दोघातिघांनी विचारलं, "किल्ला एवढा देखणा, मग त्यात तो दीपगृहाचा मनोरा कशाला?" उत्तर कमेंटमध्ये मावेना, म्हणून इथे लिहिते.

शिवाजी महाराजांनी १६७९ साली या बेटावर किल्ला बांधायला घेतला तो मुंबईच्या तोंडावर नजर ठेवायला. एका बाजूला महाराजांच्या आरमाराचे मायनाक भंडारी आणि दौलतखान, दुसऱ्या बाजूला इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी, ती लढाई आपण अभिमानाने सांगतो, सांगायलाच हवी. २०२५ मध्ये किल्ला युनेस्कोच्या यादीतही गेला. दीपगृह आलं १८६७ साली. माझ्यासाठी बेटाची दुसरी गोष्ट तिथून सुरू होते. ती लढवय्यांची नाही, उतारूंची आहे.

अलिबागकडच्या माणसाची मुंबई कित्येक वर्षं तिथल्या रेवस बंदराच्या बोटीला बांधलेली होती. नोकरी, बाजार, दवाखाना, सणाला घरी येणं, सगळं त्या बोटीच्या वेळेवर. १७ जुलै १९४७ला गटारी अमावास्या होती. सकाळी आठच्या सुमारास रेवसला जाणारी 'रामदास' बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून गच्च भरून सुटली. काशाच्या खडकाजवळ वादळाने गाठलं, बोट कलली आणि उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. बोटीवर वायरलेस नव्हता, त्यामुळे दुपारपर्यंत मुंबईला पत्ताच नाही. रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांतली मासळी समुद्रात फेकली आणि जमतील तेवढी माणसं वर ओढली. दिवसाची कमाई होती ती त्यांची. हे वाचताना माझा दर वेळी गळा दाटून येतो.

खांदेरीचा दिवा तेव्हा ८० वर्षांचा होता आणि बोट बुडाली भरदिवसा. खडक कुठे आहे हे दिवा सांगतो. अशा हवेत बोट सोडायची का, माणसं किती घ्यायची, हे धक्क्यावर ठरतं. म्हणून मला वाटतं, दीपगृहाची माहिती लिहिताना उंची आणि साल जरूर लिहावं, पण त्याखाली 'रामदास'ची तारीखही असावी. ज्यांच्यासाठी तो दिवा लावला, ती हीच माणसं ना?

हे जुनं झालं म्हणू नका. १८ डिसेंबर २०२४ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'वर नौदलाची वेगवान बोट आदळली. १५ जीव गेले. तेही दिवसाउजेडी, बहुतेक सहलीला निघालेल्या माणसांचे.

आणि परवा आम्ही खांदेरीला निघालो तर होडीतली लाइफ जॅकेटं फळीखाली एकत्र दोरीने बांधलेली. मी एक मागितलं. "ताई, पल्याड तर जायचंय," खलाशी म्हणाला. मी म्हटलं, "दादा, रेवसलाही पल्याडच जायचं होतं." तो क्षणभर गप्प राहिला. मग खाली वाकून गाठ सोडायला लागला. मिठाने कडक झालेली ती गाठ, बराच वेळ सुटेना.