फुलपाखराला टेलिफोटो चालते, आणि छान चालते

पावसाळा लागला की फोटोग्राफीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: ‘फुलपाखरं, किडे, रानफुलं टिपायची तर मॅक्रो लेन्सच (बारीक गोष्टी अगदी जवळून मोठ्या टिपणारी) हवी. टेलिफोटो (लांबचं जवळ आणणारी) जवळचं फोकस करत नाही, तिची डेप्थ ऑफ फील्ड (फोटोत स्पष्ट येणारी खोली) नावापुरती असते, लेन्समागे रिंग लावली की दर्जा जातो, आणि जवळ गेल्याशिवाय फोटोत जीव येत नाही.’ तो वाचून पक्ष्यांसाठी हौसेने घेतलेली टेलिफोटो लेन्स घरी ठेवणारी मुलं मी पाहिली आहेत. म्हणून हे सविस्तर.

आधी फोकसचं बघू. लेन्स किती जवळून फोकस करते यापेक्षा समोरची गोष्ट कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर किती मोठी उमटते, याला महत्त्व आहे. कॅननची १००-४०० मिलिमीटर मार्क टू ही टेलिफोटो ९८ सेंटिमीटरवरून ०.३१ पट प्रतिमा देते, म्हणजे वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराच्या ०.३१ पट उमटते. निकॉनची ३०० मिलिमीटर एफ/४ पीएफ १.४ मीटरवरून ०.२४ पट. आता आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत घ्या. २०१५ साली त्याला हा मान मिळाला. त्याच्या पंखांचा विस्तार १२० ते १५० मिलिमीटर, आणि फुल फ्रेम सेन्सरची रुंदी ३६ मिलिमीटर. १५० मिलिमीटरचा नीलवंत ०.२४ पटीत घेतला की फ्रेम काठोकाठ भरते! मॅक्रोच्या एकास एक प्रमाणात त्याच्या पंखाचा जेमतेम एक तुकडा मावेल. शिवाय ओल्या चिखलावर पाणी शोषत बसलेला नीलवंत सावली अंगावर आली की उठतो. सव्वा-दीड मीटरवरून तुम्हाला निदान दोन-चार फ्रेम तरी मिळतात.

डेप्थ ऑफ फील्डचा समज सर्वांत जास्त पसरलेला आहे. दोन्ही लेन्स एकाच अंतरावरून वापरल्या तर टेलिफोटोची खोली कमी भरते, हे खरं. पण फुलपाखरू फ्रेममध्ये तेवढंच मोठं ठेवलं आणि अॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र) तेच असलं, तर १०० मिलिमीटरच्या मॅक्रोत आणि ३०० मिलिमीटरच्या टेलिफोटोत जवळपास काहीच फरक पडत नाही. पाव पट प्रतिमेला एफ/८ या अॅपर्चरवर दोन्हीकडे साधारण एक सेंटिमीटर खोली मिळते. पंख मिटून बसलेलं फुलपाखरू सेन्सरला समांतर धरा, तेवढ्यात ते आरामात बसतं. फरक पडतो तो पार्श्वभूमीत. ३०० मिलिमीटरला १०० च्या तुलनेत मागचा जेमतेम एक तृतीयांश पट्टा दिसतो, त्यामुळे घाणेरीच्या गचपणातही एक पाऊल डावी-उजवीकडे सरकून स्वच्छ हिरवा रंग मागे आणता येतो. माझ्या मते टेलिफोटो वापरायला एवढं एकच कारण पुरे आहे.

रिंगांचं म्हणाल, तर ही रिंग, म्हणजे कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी एक्स्टेन्शन ट्यूब, आतून पोकळ असते. तिच्यात काचच नाही, मग दर्जा जाईल कुठून? थोडा उजेड जातो आणि लांबचं फोकस होत नाही, इतकंच. मात्र ३०० मिलिमीटरवर २५ मिलिमीटरच्या ट्यूबने जेमतेम ०.०८ पटीची भर पडते. त्यापेक्षा लेन्सच्या पुढे दोन डायॉप्टर नंबरची, दोन काचांची चांगली क्लोज-अप लेन्स लावा. फोकस अनंतावर ठेवून अर्ध्या मीटरवरून ०.६ पट मिळते. टाचणीचे (चतुरासारख्या बारीक किड्याचे) डोळे टिपायला एवढी पुरते.

वजन आणि हात हलणं, या तक्रारी मात्र रास्त आहेत. मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) घ्या, शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या खाली शक्यतो नेऊ नका. आणि मुंगी, उडी मारणाऱ्या कोळ्याचे डोळे, ग्रास ज्युएलसारखं नखाएवढं फुलपाखरू यांच्यासाठी मॅक्रो लेन्सच घ्या. तिथे टेलिफोटोचा हट्ट नको.

‘जवळ गेल्याशिवाय जीव येत नाही’ हे वाक्य मला सर्वांत जास्त खटकतं. कासच्या पठारावर सीतेची आसवं टिपायला कुणी आडवं पडलं, की एका फोटोपायी शंभर रोपं चिरडतात. तीच फुलं पायवाटेवरून टेलिफोटोने घेता येतात. आंबोलीत पावसाळी रात्री फांदीवर बसलेला मलबारी चापडा हा साप विषारी आहे आणि भक्ष्याची वाट पाहत एकाच जागी तासन्‌तास बसतो. वीतभर अंतरावर लेन्स नेली, किंवा ‘अँगल’ मिळावा म्हणून काठीने फांदी वाकवली, तर माणसाला धोका आणि सापाची शिकार हुकते. तिथे दीड-दोन मीटर मागे थांबा, ३०० लावा, आणि त्याला हलवू नका.